उंदरांनी खाल्लेला ॲमॉस

शनिवारी दुपारी चर्चमध्ये वंशवृक्ष टांगायचा होता, आणि डोराआत्या शिडीवर दुसऱ्या कुणाला चढू देईनात.

“आत्या, पडलीस तर तुझ्या नावापुढे मला आजची तारीख घालावी लागेल,” शिडी धरून उभा असलेला ह्यू म्हणाला.

“घाल. पण आधी डॉक्टरला विचार, पक्कं कर. आणि पक्कं झालं की शाईनं घाल,” वरून उत्तर आलं.

हा डोराआत्यांचा कायदा होता. ज्याचा पुरावा आहे ते शाईत, ज्याची शंका आहे ते पेन्सिलीत. थॉर्नलो गावातल्या ग्रॅटन घराण्याच्या सगळ्या पिढ्या त्यांनी भिंतीला लावायच्या कागदाच्या पाठीवर उतरवल्या होत्या. त्यासाठी चर्चमधल्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या वह्या त्यांनी इतक्या वेळा चाळल्या होत्या, की ह्यूचा वाढदिवस त्या दर वर्षी विसरत, पण तीनशे वर्षांपूर्वीचा ऑब्रे ग्रॅटन कोणत्या वारी पुरला हे झोपेतही सांगत. लग्न त्यांनी केलं नव्हतं. माणसांची हौस त्यांनी अशी भागवली होती.

ह्यूची बायको जेनेट खाली खिडकीच्या कट्ट्यावर फुलं रचत बसली होती. उद्या मिठीचा रविवार. थॉर्नलोत सप्टेंबरमधला हा एक रविवार नाताळाइतका मोठा मानतात. प्रार्थना झाली की सगळं गाव बाहेर येतं, चर्चच्या भिंतीला पाठ लावून उभं राहतं आणि एकमेकांचे हात धरतं. चारी बाजूंनी कडं पुरं झालं की चर्चला मिठी पडली. कडं पुरं झालं का नाही, हे एका जागेवरून कुणालाच दिसत नाही, म्हणून पाद्री आपल्या डावीकडच्या माणसाचा हात दाबतात, तो पुढच्याचा दाबतो, आणि तो दाब भिंतीभिंतीने फिरून पाद्रींच्या उजव्या हातात परत येतो. आला, की पाद्री टोपी उंचावतात आणि घंटा सुरू होतात.

निदान पूर्वी होत असत. डोराआत्या लहान होत्या तेव्हापासून तो दाब परत आलेला नव्हता. इकडून सुटायचा, तीन भिंती फिरायचा आणि उत्तरेच्या भिंतीशी जाऊन मरायचा. लोक मग हसून टाळ्या वाजवत आणि चहाला जात.

पण गेल्या रविवारी मिठीचा विषय निघाला तेव्हा पाद्री लव्हेल हसले नव्हते. सहा गावं एकट्याने सांभाळणारा तो दमलेला तरुण, वाईट मुळीच नव्हता. “मिस ग्रॅटन, एका हातानं मारलेल्या मिठीला मिठी कशी म्हणायची?” तो म्हणाला होता. “यंदा कडं जुळलं तर ठीक. नाहीतर मला बैठकीत सांगावं लागेल, हे बंद करू, सहा गावांची मिळून एकच सुगीची प्रार्थना करू.” डोराआत्या त्याला “बरं” म्हणाल्या आणि घरी येऊन न्हाणीघरात दार लावून रडल्या. जेनेटने ते ऐकलं होतं. आत्यांना रडताना तिने पहिल्यांदाच ऐकलं, त्यांच्या भावाच्या मौतीलाही नाही.

म्हणून आज जेनेटने ठरवलं होतं, की विषय काढायचाच.

“आत्या, मी सगळ्यांची मोजदाद केली,” ती फुलांकडे बघत म्हणाली. “पाहुणे धरले, पाळण्यातली पोरं धरली, तरी उत्तरेची भिंत उघडी राहते.”

“दरवर्षी राहते.”

“आपण चॅपेलवाल्या ग्रॅटनांना बोलावलं तर नाही राहणार. सायलसकडे मुलं, सुना, जावई, नातवंडं, नुसता बाजार आहे. पुरून उरतील.”

शिडी जराशी हलली. ह्यूने दोन्ही हातांनी आवळून धरली आणि बायकोकडे डोळे वटारले.

“त्यांना कोण नको म्हणतंय? येऊ देत,” डोराआत्या दोरीची गाठ मारत म्हणाल्या. “गावकरी म्हणून येऊ देत. ग्रॅटन म्हणून मी कुणाला कागदावर घेणार नाही.”

“पण त्यांचं आडनाव...”

“आडनाव आहे. बाप नाही. त्यांचा ॲमॉस कुणाचा, हे कुठं लिहिलंय?”

“त्या वर्षांची पानं उंदरांनी खाल्लीत ना पण!”

“खाल्ली. आणि उंदरांनी ज्याला ज्याला खाल्लं तो तो माझ्या आजोबांचा भाऊ, असं मी लिहीत सुटू? काय गं ह्यू?” राग आला की डोराआत्या पुरुषांनाही ‘काय गं’ म्हणत.

“बरोबर आहे आत्याचं,” ह्यू म्हणाला. शिडीवर बाई असताना त्याला दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

 या भांडणाचं मूळ जेनेटला सासरी आल्यावर पहिल्याच नाताळात सांगण्यात आलं होतं. सायलसचा आजोबा ॲमॉस ग्रॅटन चर्चच्या माडीवर बसून मोठं सारंगीसारखं वाद्य वाजवायचा. त्या काळच्या पाद्रींनी वाजवणाऱ्यांना हाकलून बाजाची पेटी आणली. ॲमॉस आपलं वाद्य पाठीवर मारून भर प्रार्थनेतून उठला, रस्ता ओलांडून समोरच्या, दुसऱ्या पंथाच्या चॅपेलमध्ये गेला आणि तिथलाच झाला. तरीही त्याची मुलं-नातवंडं मिठीच्या रविवारी मात्र हात धरायला यायची. मग एका गुरांच्या बाजारात डोराआत्यांच्या वडिलांनी, चार लोकांदेखत, सायलसच्या वडिलांना सुनावलं, “उंदीर जिथं चरून गेले तिथं कुणीही स्वतःला ग्रॅटन म्हणवून घेईल.” त्या वर्षापासून चॅपेलवाले आले नाहीत. पुढच्याच वर्षी डोराआत्यांच्या वडिलांनी, ते तेव्हा चर्चचे वॉर्डन, म्हणजे कारभारी, होते, “नाहीतरी इथं आता कोण उभं राहतंय” असं म्हणत उत्तरेच्या भिंतीला लागून दगडी कोळशाची शेड बांधली. ती शेड गेल्या हिवाळ्यातल्या वादळाने पाडली, तेव्हा कुठे ती भिंत मोकळी झाली होती. आता तिथे आग्याचं रान माजलं होतं, हात लावला की आग आग.

फुलं संपली. जेनेट ज्या कट्ट्यावर बसली होती त्याच्या बाहेरच्या अंगाला, दक्षिणेच्या भिंतीवर, जुन्या काळच्या पोरांनी खिळ्यांनी कोरलेली घरं होती. पाद्रींचं प्रवचन बाहेर उभ्याने ऐकायचं, पाठ भिंतीला, मग पोरं मागल्या मागे उद्योग करायची. एक वेडंवाकडं छप्पर, दोन भिंती, आणि आत भावंडांच्या नावांची पहिली अक्षरं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. एका घरात एकाच आईची मुलं, हा पोरांचा नियम. दुसऱ्याचं अक्षर घरात घुसलं तर मारामाऱ्या व्हायच्या. गावातल्या रॅग घराण्याचं घर होतं, स्विंडेलांची तर तीन होती. ग्रॅटनांचं एकही नव्हतं. “ग्रॅटनांची पोरं सभ्य,” असं डोराआत्या पाहुण्यांना सांगत, आणि स्वतः वॉर्डन झाल्यावर त्यांनी पहिली पाटी लावली ती हीच: भिंतींवर कोरू नये.

“मी जरा उद्याच्या चहाचा बंब बघून येते,” जेनेट म्हणाली.

“आपला बंब तर गळतोय,” ह्यू म्हणाला.

“म्हणूनच दुसरा बघून येते.”

---

चॅपेलमध्ये सायलस ग्रॅटन गुडघ्यांवर बसून बाकाचा पाय ठोकत होता. सुतारकाम सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती, पण खिशात खिळे नसले की त्याला उघडं वाटायचं. आताही दोन खिळे ओठांत होते. त्यामुळे जेनेट काय काय बोलली ते त्याला मुकाट्याने ऐकावं लागलं. त्याची मुलगी मार्जरी मागे उभी राहून हसू दाबत होती. मार्जरी गावच्या शाळेत स्वयंपाक करी, जेनेट तिथेच शिकवी, आणि दोघींनी हा बेत कोबी चिरता चिरता आधीच पक्का केला होता, हे सायलसला माहीत नव्हतं.

त्याने खिळे ओठांतून काढले.

“म्हणजे तुम्हाला बंब हवाय,” तो म्हणाला.

“बंब हवाय आणि माणसंही हवीत, सायलसकाका.”

“बंब चॅपेलचा आहे. चॅपेलचं माणूस सोबत असल्याशिवाय तो कुठं जात नाही. नियम आहे.”

“बाबा, तो नियम तुम्हीच केलात,” मार्जरी म्हणाली.

“मी केला म्हणूनच पाळतो.”

“मग आम्ही बंबासोबत येतो. सगळे. बंब जड आहे.”

सायलसने मुलीकडे बघितलं, मग जेनेटकडे. आपल्याभोवती काहीतरी शिजतंय हे त्याला कळलं, आणि गंमत म्हणजे त्याला ते आवडलं. त्याला तो शेवटचा रविवार आठवत होता. तो बारा-तेरा वर्षांचा होता, आणि कड्यात त्याच्या उजव्या हाताला एक जाड वेणीवाली पोरगी होती, नाकासमोर बघणारी, प्रवचनाचा शब्द न् शब्द ऐकणारी. त्याने तिला विचारलं होतं, “खिळा देऊ? घर कोर.” ती म्हणाली होती, “चर्चच्या भिंतीवर? देव बघतोय!” तिचा हात घामाने ओला होता, पण घट्ट होता. नंतर तिने रस्त्यात कधी ओळख दाखवली नाही, त्यानेही नाही.

“जेनेट, तू चांगली आहेस,” तो म्हणाला. “तुझ्यावर माझा राग नाही. पण आमच्या घरातली पोरं शाळेत जातात ना, त्यांना तुमच्याकडची पोरं काय म्हणतात ठाऊक आहे? ‘उंदीर ग्रॅटन’. माझ्या वडलांना म्हणायचे, मला म्हणायचे, आता नातवाला म्हणतात. उद्या तो कागद सगळं गाव बघणार. त्यावर माझ्या आजोबाचं नाव असू दे. मग आम्ही येतो, बंब आणतो, केक आणतो, पाहिजे तर पाद्रीला उचलून नेतो.”

“नाव... कशानं?” जेनेटने जपून विचारलं.

“शाईनं. तिचा कायदा मला माहीत आहे.”

---

संध्याकाळच्या जेवणाच्या टेबलावर हा निरोप आला तेव्हा मोठ्या पोर्क पाईचा शेवटचा तुकडा ह्यूच्या ताटात पडला होता, त्यामुळे तो उदार मनःस्थितीत होता.

“आत्या, लिहून टाक की. कोण तपासायला येणार आहे?”

“मी,” डोराआत्या म्हणाल्या. “दुपारी तर माझ्या बाजूनं होतास!”

“दुपारी तू शिडीवर होतीस.”

जेनेटला हसू फुटलं. डोराआत्यांना फुटलं नाही. त्यांनी काटा खाली ठेवला.

“तुम्हाला वाटतं म्हातारी हट्टी आहे. त्या कागदावर प्रत्येक नाव मी वहीत डोळ्यांनी बघून लिहिलंय. माझ्या आजोबांचा, जेबेझचा जन्म आहे. मग मध्ये चार वर्षं काहीच नाही, मग विल्यम, मग हॅना. ती मधली चार वर्षं उंदरांनी खाल्ली. तिथं ॲमॉस असेल. नसेलही. मी तिथं शाई लावली तर उद्या कुणी विचारेल, बाकीचं तरी खरं कशावरून? मग माझ्यापाशी काय उरलं?”

 ह्यूला आत्याची खरोखर कीव आली.

“आणि कडं?” जेनेटने हळूच विचारलं.

“तेच तर,” डोराआत्या म्हणाल्या, आणि कोट घालून, चर्चची किल्ली घेऊन निघून गेल्या.

अजून उजेड होता. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट कागदावर पडलं होतं. डोराआत्या जेबेझ आणि विल्यमच्या मधल्या मोकळ्या जागेसमोर उभ्या राहिल्या. पिशवीतून शाईची बाटली काढली, झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. त्यांना वडिलांचा राग आला, जो इतक्या वर्षांत कधी आला नव्हता. एका बाजारात, एका बैलाच्या व्यवहारात तोंडातून गेलेलं एक वाक्य, आणि गावाची मिठी सुटली. वडील खोटं बोलले होते असंही नाही. खरं काय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेवढंच म्हणाले असते तर!

शेवटी त्यांनी पेन्सिल काढली. तुटक रेघ ओढली आणि खाली लिहिलं: ॲमॉस. 

निरोप घेऊन ह्यूच गेला. सायलस दारातच म्हणाला, “पेन्सिल! खोडरबर पण दिलाय का सोबत?”

“काका, आत्यानं त्या कागदावर पेन्सिलनं लिहिलेली तीनच नावं आहेत. ती लिहिताना तिचं वजन घटतं.”

“मग बंब येईल,” सायलस म्हणाला. “पेन्सिलला बंब. शाईला माणसं.” आणि दार लावलं.

---

रविवारी आभाळ निरभ्र होतं आणि बँडवाल्यांचे पितळी भोंगे उन्हात डोळ्यांत घुसत होते. ह्यू पहाटेच विळा घेऊन उत्तरेच्या भिंतीशी गेला होता. आग्याचं रान त्याने घाईघाईत कापलं, मनगटं सुजवून घेतली आणि प्रार्थनेला उशिरा पोचून शिव्या खाल्ल्या.

प्रार्थना संपली. लोक बाहेर आले, जागा पकडू लागले. रॅग दक्षिणेला, स्विंडेल घंटाघराशी, ज्याची त्याची जागा ठरलेली. पाद्री लव्हेल मोठ्या दाराशी उभे राहिले. डोराआत्या ह्यू-जेनेटला घेऊन उत्तरेला गेल्या, ग्रॅटनांच्या जुन्या जागी. कोळशाने काळी पडलेली भिंत, पायाखाली आग्याची खुंटं. पूर्वेकडून आलेली माणसं जेनेटशी येऊन संपली. जेनेटच्या हातात ह्यू, ह्यूच्या हातात आत्या. आत्यांचा दुसरा हात रिकामा होता. पलीकडे पश्चिमेकडून आलेली ओळ कोपऱ्याशीच संपली होती. मधली सगळी भिंत मोकळी.

डोराआत्यांनी ती मोकळी भिंत टोकापर्यंत बघितली.

कुंपणाच्या फाटकात चॅपेलवाले उभे होते. सगळे. सायलस पुढे, रविवारचा काळा कोट घालून. त्यामागे दोन जावई बंब उचलून घामाघूम झालेले. त्यामागे सुना, केकचे डबे, पोरं. मार्जरीने त्यांना इथवर आणलं होतं, पण फाटकाच्या आत पाऊल टाकायला कुणी तयार नव्हतं.

“बंब कुठं ठेवायचा, मिस ग्रॅटन?” सायलसने मोठ्याने विचारलं.

सगळे वळून बघू लागले. बँड आपोआप थांबला.

 वॉर्डन म्हणून डोराआत्या जन्मभर बोलल्या होत्या. आज बोलायचं होतं ते दुसरंच होतं.

“सायलस,” त्या म्हणाल्या, “माझ्यापाशी पुरावा नाही.”

“ठाऊक आहे.”

“शोधला. शपथेवर सांगते, मनापासून शोधला. तुला वाटत असेल मुद्दाम नाही लिहिलं.”

“वाटायचं.”

“माझे वडील जे बोलले ते बोलायला नको होतं. तो कुणाचा हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नाही. शाई मी लावू शकत नाही. पण हा हात आहे बघ. हा मोकळा आहे. आणि इथं तूच उभा राहायचास, हे मला कुठल्याही वहीत न बघता आठवतं.”

 आत्याचा हात ह्यूच्या हातात होता आणि तो घामाने ओला झाला होता.

सायलसने टोपी काढली, पुन्हा घातली. काल रात्रीपासून त्याने बरीच उत्तरं तयार करून ठेवली होती, एकाहून एक झोंबणारी. त्यातलं एकही आता उपयोगाचं राहिलं नव्हतं.

“बंब खाली ठेवा रे,” तो जावयांना म्हणाला. “सांभाळून. नळी वर.”

आणि तो आत आला. आग्याच्या खुंटांवरून, म्हाताऱ्या पायांनी, पण भराभर. त्याने डोराआत्यांचा हात धरला. त्याच्यामागे मार्जरी, सुना, जावई, पोरं, सगळी खिदळत, ढकलाढकली करत भिंतीला लागली. “माझा हात!” “अगं तो डावा!” “तुझा केकचा हात पूस आधी!” शेवटचा जावई कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या स्विंडेलपर्यंत पोचला आणि त्याने हात पुढे केला.

“तुम्ही चॅपेलवाले बिअर पीत नाही म्हणे,” स्विंडेलने विचारलं.

“नाही.”

“असू दे. हात चालेल.”

मग गाव शांत झालं. मोठ्या दाराशी पाद्री लव्हेल यांनी डावीकडचा हात दाबला. त्यांना उत्तरेकडचं काहीच माहीत नव्हतं. आरडाओरडा ऐकू आला होता, तो नेहमीचा असावा असं त्यांना वाटलं. ते मनात बैठकीत काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते. चार गोड शब्द, मिस ग्रॅटनचे आभार, मग मुद्दा. दाब दक्षिणेने गेला, पूर्वेला वळला. जेनेटला कळला, ह्यूला कळला. डोराआत्यांना कळला, आणि त्यांनी आयुष्यभराचा जोर लावून सायलसचा हात दाबला.

“अगं आई गं,” सायलस पुटपुटला आणि मार्जरीचा दाबला.

पाद्रींनी वाक्य जुळवत आणलं होतं, एवढ्यात त्यांच्या उजव्या हाताची बोटं कुणीतरी चुरगाळली. त्यांनी दचकून बघितलं. उजवीकडे मिसेस रॅग उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

“आला हो,” ती म्हणाली. “आला!”

पाद्रींनी टोपी उंचावायची सोडून सरळ हवेत फेकली. ती छपरावर जाऊन बसली आणि अजून तिथंच आहे म्हणतात. घंटा सुरू झाल्या. बँडवाले तीन वेगवेगळी गाणी एकदम वाजवू लागले, कुणी थांबवलं नाही. लोक ओरडत होते, रडत होते, पोरं नाचत होती, पण हात मात्र कुणी सोडत नव्हतं. जेनेट आणि मार्जरी मधल्या तीन डोक्यांवरून एकमेकींकडे बघून वेड्यासारख्या हसत होत्या.  डोराआत्यांना इतका आनंद झाला होता की त्यांना थोडी भीतीच वाटत होती.

मिठीचा शेवट असा, की सगळ्यांनी वळायचं आणि तोंड भिंतीकडे करून दोन्ही तळवे दगडावर टेकायचे. सगळे वळले. सायलसने भिंतीला हात लावला, आणि लाकडावर आयुष्य घालवलेली त्याची बोटं थांबली. तो खाली वाकला, मग गुडघ्यांवरच बसला.

“बाबा! काय झालं?” मार्जरी घाबरली.

“मिस ग्रॅटन,” तो म्हणाला. “डोरा. इकडे ये. खाली बस.”

डोराआत्या खाली बसल्या. कमरेच्या उंचीवर, जिथे लहान पोराचा हात पाठीमागे पोचेल तिथे, दगडात एक घर कोरलेलं होतं. तिरकं छप्पर, दोन भिंती. आत चार अक्षरं, एका ओळीत, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. जे. ए. डब्ल्यू. एच.

“जेबेझ,” डोराआत्या बोट ठेवत म्हणाल्या. “विल्यम. हॅना.” बोट परत मागे आलं. “आणि हा...”

“ॲमॉस,” सायलस म्हणाला. 

“आपण लहान होतो तेव्हा इथं आयव्हीची वेल होती,” डोराआत्या म्हणाल्या. “इतकी दाट. आपण तिलाच पाठ लावून उभे राहायचो. मग शेड बांधताना बाबांनी वेल काढली आणि कोळसा भरला.”

दोघं बघत राहिले. कोळशाची भुकटी वर्षानुवर्षं त्या चरांत बसत गेली होती. सगळी भिंत मळकट होती, पण कोरलेली अक्षरं तेवढी काळीभोर, टाकाने काढल्यासारखी उठून दिसत होती.

“सायलस,” डोराआत्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. हसता हसता डोळे भरून आले. “अरे, बाबांनीच शाई भरून ठेवलीय.”

सायलस हसायला लागला. ह्यूला आधी काहीच कळलं नाही, मग जेनेटने त्याच्या कानात सांगितलं, आणि तोही ओरडला, “अहो, आपले आजे-पणजे सख्खे भाऊ होते!” ही बातमी चर्चभोवती मघाच्या दाबापेक्षाही वेगाने फिरली, आणि मोठ्या दाराशी पोचेपर्यंत तिच्यात दोन जुळी भावंडं आणि एक पळून गेलेली बायको वाढली होती.

“ह्यू, माझी पिशवी आण. शाई त्यातच आहे,” डोराआत्या म्हणाल्या.

“कशाला घाई?” सायलस म्हणाला. “बंब तापतोय. चहा घेऊ, मग लिही. एवढी वर्षं थांबलोय.”

“आणि काय रे, ग्रॅटनांची पोरं सभ्य म्हणून मी जन्मभर सांगत आले!”

“सभ्य तू एकटीच निघालीस. तुला मी तेव्हा खिळा देत होतो.”

डोराआत्यांनी त्याच्याकडे बघितलं. म्हणजे त्यालाही आठवत होतं. घंटा अजून वाजतच होत्या, लोक चहाकडे पांगत होते, मार्जरी केक कापायला हाका मारत होती. त्यांनी मागे वळून पाद्री कुठे आहेत ते बघितलं. ते छपराकडे बघत टोपीसाठी उड्या मारत होते.

त्या सायलसच्या जवळ सरकल्या आणि हात पुढे केला.

“आहे का अजून खिशात?”

सायलसने खिळा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. थॉर्नलोच्या चर्चची वॉर्डन, मिस डोरा ग्रॅटन, आग्याच्या खुंटांवर गुडघे टेकून, जीभ दातांत धरून, भिंतीवर पहिली रेघ ओढू लागली. आधी छप्पर.

“मोठं काढ,” सायलस म्हणाला. “मलाही आत यायचंय.”